घाटातला पिवळा दिवा
आज ताम्हिणी घाटात पाऊस नुसता कोसळत होता, एका चढाच्या वळणावर पुढचं चाक सुळकन जागीच फिरलं आणि मीटरवर घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा तो पिवळा दिवा लुकलुकायला लागला, शेजारी आई बसलेली, पोटात गोळाच आला माझ्या. माणगावला चहाला थांबलो तेव्हा मॅन्युअल काढून वाचलं. लुकलुकतोय म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल काम करतंय, घसरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावतंय, इंजिनचा जोर कमी करतंय, आपण फक्त ॲक्सिलरेटर हलका करायचा. सतत पेटून राहिला तर मात्र आधी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का बघा, आणि सोबत एबीएसचाही (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा असेल तर बरेचदा चाकाजवळचा स्पीड सेन्सर चिखलाने माखलेला असतो, गॅरेजला दाखवून घ्या, पावसात घाट चढायच्या आधी.