तुम्ही विचारलंत म्हणून: जज वाढवले की केसेस संपतील ना?

मी आयुष्यभर कोर्टाच्या ऑफिसात नोकरी केली, आधी लिपिक, मग नाझर, शेवटी अधीक्षक म्हणून रिटायर झालो, त्यामुळे ओळखीत कुणाचा दावा असला की फोन मला येतो, आणि फिरून फिरून प्रश्न एकच असतो की भाऊ, सरकारने जज वाढवले तर ह्या केसेस संपतील ना, मग वाढवत का नाहीत? एकेकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकू.

जज वाढवायलाच पाहिजेत, त्याबद्दल मला जराही शंका नाही. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण एखादा दावा पंधरा वर्षं चालला तरी त्यातला फार थोडा वेळ तो खरोखर जजसमोर असतो, बाकी सगळा काळ तो कुठेतरी थांबलेला असतो. तो नेमका कुठे थांबतो हे मोजायचं, आणि त्या जागेसाठी माणूस, पैसा आणि मुदत ठरवायची, कोर्टं सुधारायचा प्लॅन म्हणजे माझ्या मते हे. आपल्याकडे आकडे ठरवले गेले, योजनाही निघाल्या, पण ह्या थांबण्याच्या जागा कुणाच्याच जबाबदारीत आल्या नाहीत.

आधी जजच्या आकड्याचं बघू. १९८७ साली लॉ कमिशनने १२० वा रिपोर्ट दिला, त्यात म्हटलं होतं की देशात दहा लाख लोकांमागे साडेदहा जज आहेत, ते पाच वर्षांत ५० करा. मग मार्च २००२ मध्ये ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तोच ५० चा आकडा धरून टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत करा असा आदेशच दिला. आज मंजूर पदं सगळी भरलेली धरली तरी आपण २१-२२ च्या आसपास आहोत. आणि भरलेलीही नाहीत, खालच्या कोर्टांत देशभर मंजूर पदं २५ हजारांच्या वर आहेत आणि त्यातली पाच हजारांच्या आसपास रिकामी असतात, तिकडे पेंडिंग केसेस साडेचार कोटींच्या पुढे. बरं भरतीचं वेळापत्रक नाही असंही नाही, मलिक मझहर सुलतानच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने वर्षातल्या कुठल्या तारखेला जागा मोजायच्या, कधी जाहिरात काढायची, कधी नेमणूक द्यायची हे सगळं आखून दिलंय, तरी बऱ्याच राज्यांत ते पाळलं जात नाही.

ह्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एक जज नेमायचा तर सोबत कोर्टहॉल लागतो, लघुलेखक लागतो, बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) बघणारा लिपिक लागतो, समन्स बजावणारा बेलिफ, शिपाई, राहायला क्वार्टर, आणि ह्यातला बराचसा खर्च राज्य सरकारच्या बजेटमधून येतो. जजची पदं मंजूर होतात आणि स्टाफची फाइल मंत्रालयात पडून राहते, मग नवीन जजसाहेबांना दुसऱ्या कोर्टातला अर्धा स्टाफ उसना देऊन दोन्ही कोर्टं अर्ध्या ताकदीने चालतात, हे मी माझ्या नोकरीत बघितलंय. इमारतींचं तर तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा ह्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनालाच सांगितलं होतं की देशातल्या २६ टक्के कोर्ट आवारांत बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही. वाटपाच्या दाव्यात साक्षीला आलेल्या बाईने सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत काय करायचं?

आता वाटपाचा दावाच घेऊ, कारण आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टात हे दावे फार. बहीण भावांवर दावा लावते, समजा पाच भाऊ-बहिणी आणि त्यांची मुलं मिळून प्रतिवादी दहा-बारा. पहिली जागा समन्सची. एक प्रतिवादी पुण्यात, एक सुरतला, एकाचा पत्ताच जुना, बेलिफ गावात जातो तर घराला कुलूप, समन्स परत येतं, नवीन पत्ता द्या, पुन्हा प्रोसेस फी भरा, पुन्हा तारीख, आणि जोपर्यंत शेवटच्या माणसाला समन्स लागत नाही तोपर्यंत दावा पुढे सरकत नाही. मी नाझर असताना बेलिफांचं काम माझ्याकडे होतं म्हणून सांगतो, एका बेलिफाकडे दोन-दोन बेलिफांचा एरिया असायचा, त्यात निवडणूक ड्युटी लागली की समन्सचा गठ्ठा तसाच, आणि कोर्ट सुधारायच्या चर्चेत ह्या माणसाचं नाव कधी निघालेलं मी ऐकलं नाही.

मग कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर. कायद्यात २००२ पासून आहे की ती ३० दिवसांत द्या, फार तर ९०. तहकुबीही तीनपेक्षा जास्त नको. पण साध्या दिवाणी दाव्यात ही मुदत अगदी कडक नाही असं सुप्रीम कोर्टानेच नंतर ठरवलं, आणि मला ते पटतंही, कारण वकिलाच्या चुकीने गरीब माणसाची बाजूच बंद होऊ नये. पण मग मुदत ढिली ठेवायची तर कुणीतरी त्यावर लक्ष ठेवणारं पाहिजे. ते कोण ठेवणार? जजसाहेबांच्या बोर्डावर दिवसाला ऐंशी-शंभर केसेस.

तेवढ्यात एक प्रतिवादी वारतो. वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर घ्यायचे असतात, ते राहून जातं, मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर म्हणणं, त्यावर युक्तिवाद, त्यावर आदेश, वारसांना परत समन्स. असे दोन-तीन मृत्यू झाले की पाच-सात वर्षं सहज जातात, आणि ह्या सगळ्यात मूळ दाव्यातला एक शब्दही पुराव्यावर आलेला नसतो.

समजा एवढं होऊन निकाल लागला, बहिणीला सहावा हिस्सा मिळाला. ती पेढे वाटते. पण शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही, सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) कलम ५४ प्रमाणे ते कलेक्टरकडे जातं, तिथून तहसीलदार, तिथून मोजणीला भूमी अभिलेख, मग मोजणीची तारीख, त्या दिवशी पीक उभं आहे म्हणून परत, पोलीस बंदोबस्त नाही म्हणून परत. आता ह्या टप्प्यावर तुम्ही कोर्टात दहा जज वाढवा, त्या बहिणीला काय फरक पडणार सांगा, तिचा कागद कोर्टात नाहीच!

बाकी दाव्यांतही तेच, हुकूमनामा, म्हणजे निकालाचा आदेश, हातात आला की तो अमलात आणण्यासाठी वेगळी दरखास्त लावा. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, लिहून ठेवलंय की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, आणि आज दीडशे वर्षांनी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या हायकोर्टांकडून आकडे मागवले तर ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पेंडिंग निघाल्या, त्यातही सगळ्यात जास्त आपल्या मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत, तीन लाखांच्या वर. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्येच सांगितलं होतं. ह्या तीन लाखांतले लोक केस जिंकलेले आहेत हो. त्यांचं मला फार वाईट वाटतं.

लोक म्हणतात कॉम्प्युटर आले, आता सगळं फास्ट होईल. कोर्टांचं काम कॉम्प्युटरवर आणणाऱ्या ईकोर्ट्स प्रोजेक्टबद्दल मला मनापासून आदर आहे आणि त्याचं सीआयएस हे केसेसच्या नोंदीचं सॉफ्टवेअर एनआयसी ह्या सरकारी संस्थेच्या पुण्याच्या टीमने बनवलं ह्याचा अभिमानही आहे. पूर्वी तारीख बघायला पक्षकार एसटीने तालुक्याला यायचा, आता मोबाईलवर बघतो, हे लहान काम नाही. २००७ पासून पहिला टप्पा, २०१५ पासून दुसरा, आणि २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर झाले, त्यातले दोन हजार कोटींहून जास्त जुनं रेकॉर्ड स्कॅन करायला. बेलिफाला जीपीएसवाला मोबाईल देऊन समन्स कुठे, कधी बजावलं हे नोंदवायची सोयही झाली. पण माझं म्हणणं असं की ह्या सिस्टीममधली सगळ्यात मोलाची गोष्ट वापरलीच जात नाही. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर, म्हणजे देशभरच्या केसेसचे आकडे दाखवणाऱ्या वेबसाइटवर, केस का रखडली त्याचं कारण भरायची सोय आहे, वकील गैरहजर, आरोपी फरार, वारस रेकॉर्डवर नाहीत, वरच्या कोर्टाचा स्टे, कागदपत्रं यायची आहेत अशी कारणं तिथे दिसतात. कितीतरी केसेसमध्ये ते कारण भरलेलंच नसतं, आणि जिथे भरलंय तिथेही त्यावरून कुणी बेलिफ वाढवलेत किंवा कलेक्टर ऑफिसशी बैठक लावलीये असं निदान मी तरी पाहिलं नाही. हा कॉलम जिल्ह्याजिल्ह्यात नीट भरला तर पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन निम्मा तिथेच तयार होतो.

पैसा नव्हता असंही दरवेळी नाही. तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ साठी फक्त न्यायव्यवस्था सुधारायला ५,००० कोटी ठेवले होते. त्यातले निम्मे सकाळ-संध्याकाळच्या शिफ्ट कोर्टांसाठी, म्हणजे तीच कोर्टं जास्त तास चालवायची, वकिलांना ते बऱ्याच ठिकाणी मान्य नव्हतं, आणि एकूण निधीतला मोठा भाग खर्चच झाला नाही. त्यात ३०० कोटी कोर्ट मॅनेजरसाठी होते, एमबीए झालेला माणूस जिल्ह्याला, जो हे बोर्ड, स्टाफ, समन्स, आकडे सगळं बघेल आणि जजना न्यायदानासाठी मोकळं ठेवेल. कल्पना एक नंबर होती. पण कंत्राटी नेमणुका, कामाची व्याख्या नाही, अधिकार नाहीत, शेवटी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाला ही पदं कायम ठेवा म्हणून सांगावं लागलं आणि २०२५ मध्ये त्यांचे सेवानियम करा म्हणून परत सांगावं लागलं.

केनियाचं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं, तोही आपल्यासारखाच ब्रिटिश वळणाची कोर्टं असलेला देश. २०१० ला नवीन घटना आली, २०११ ला विली मुटुंगा सरन्यायाधीश झाले आणि २०१२ मध्ये त्यांनी चार वर्षांचा सुधारणा आराखडा जाहीर केला. मला त्यातलं दोनच गोष्टींचं कौतुक. एक, प्रत्येक कोर्टाने रोज किती केसेस चालल्या आणि किती तहकूब झाल्या हे ठरलेल्या फॉर्ममध्ये भरून पाठवायचं. दुसरं, सरन्यायाधीशांनी दरवर्षी न्यायव्यवस्थेच्या स्थितीचा अहवाल द्यायचा हे कायद्यानेच बंधनकारक, त्यामुळे काय ठरलं होतं आणि काय झालं हे लोकांना बघता येतं. तिथेही पैशाचं दुखणं आहेच, घटनेत लिहिलेला कोर्टांचा स्वतंत्र निधी प्रत्यक्षात यायला २०२२ उजाडलं. पण निदान हिशोब लोकांसमोर येतो. आपल्या प्रत्येक जिल्हा कोर्टाने असा वर्षाचा साधा चार पानी हिशोब मराठीत छापावा, दावे किती आले, समन्स किती परत गेली, दरखास्ती किती राहिल्या, स्टाफची किती पदं रिकामी, अशी माझी फार इच्छा आहे. बार असोसिएशननी तो मागितला तर मिळू शकतो. मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचसाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चाळीसच्या वर वर्षं लावून धरलं, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२५ मध्ये तो सुरू झाला, सावंतवाडीच्या माणसाचा अपिलासाठी मुंबईला जायचा फेरा वाचला. त्याच जिद्दीने बेलिफांची आणि स्टाफची रिकामी पदं मागितली पाहिजेत.

आणि तुमचा स्वतःचा दावा चालू असेल तर एवढं करा, ईकोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर) टाका आणि पुढची तारीख बघून ॲप बंद करू नका, त्याच्या खाली स्टेज लिहिलेली असते ती बघा. ‘अवेटिंग समन्स’ किंवा ‘स्टेप्स अनरेडी’ (पक्षकाराकडून काही पूर्तता बाकी) असं दिसलं तर तुमचा दावा जजमुळे अडलेला नाही, वकिलांना विचारा कुणाला समन्स लागायचं राहिलंय, प्रोसेस फी भरलीये का, नवीन पत्ता दिलाय का, कुणी वारलं असेल तर वारसांचा अर्ज ९० दिवसांच्या आत गेला का.