बराच्या ओढ्यातली बिळं आणि कंपनीची ३३ घरं

अॅडलेडहून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरा या जुन्या तांब्याच्या खाणीच्या गावाला येणाऱ्या बऱ्याच गाड्या गाव ओलांडून आधी उत्तरेला जातात. तिथे माळावर एक पडकं दगडी घर एकटंच उभं आहे. १९८७ साली एका रॉक बँडच्या अल्बमवर त्याचा फोटो छापून आला, तेव्हापासून त्याच्यापुढे कॅमेऱ्यांची गर्दी असते. फोटो झाला की लोक गावात कॉफी पितात आणि परत फिरतात. मला याची चीड येते, कारण ज्या घरांसाठी १६० किलोमीटर यावं ती गावातच, ओढ्याच्या काठाला आहेत आणि तिथे चिटपाखरू नसतं.

पर्यटन कार्यालयात एक पुस्तिका आणि एक चावी मिळते. ही चावी जुना तुरुंग, जुन्या बिअर कारखान्याची तळघरं, पोलीस कोठडी अशी गावभरची कुलुपं उघडते. ती चावी घेऊन आधी ब्लाइथ स्ट्रीटला जावं. तिथे बरा क्रीकच्या काठात कोरलेली दोन घरं शिल्लक आहेत.

घरं म्हणायची, पण आहेत ती बिळंच. काठाची माती उभी कापली तरी टिकते, एवढ्या भांडवलावर हा उद्योग झाला. दिवसभर खाणीत पहार चालवणारा माणूस पाळी संपल्यावर तीच पहार घेऊन काठात एक खोली कोरायचा. पोरं वाढली की तिच्यामागे दुसरी. आतून चुन्याचा हात, दर्शनी बाजूला फळ्या, दार, जमलंच तर खिडकी. चुलीचा धूर जायला छतातून सरळ वर, जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत भोक पाडायचं आणि वर तोंडाशी बूड काढलेलं पिंप बसवायचं. काठावरून चालणारा माणूस कुणाच्या तरी छपरावरून चालत असे आणि त्याला दिसायची ती फक्त धूर सोडणारी पिंपांची रांग. उन्हाळ्यात आत गारवा, खाण पायी जाण्याच्या अंतरावर, भाडं शून्य. १८५१ च्या शिरगणतीत इथल्या सुमारे ४,४०० लोकांपैकी १,८०० च्या आसपास माणसं ओढ्याच्या काठात राहत होती. म्हणजे दहातली चार.

आत उभं राहिलं की पहिला प्रश्न पडतो तो असा: जगातल्या मोठ्या तांब्याच्या खाणींपैकी एका खाणीत काम करणारी, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलहून समुद्र ओलांडून मुद्दाम आलेली कुशल माणसं बिळात का राहिली? दारिद्र्य हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे.

१८४५ मध्ये इथे मेंढपाळांना तांबं सापडलं. नगाजुरी या मूळ रहिवाशांची ही भूमी सरकारनं विकायला काढली ती २०,००० एकरांच्या एका तुकड्यात, रोख २०,००० पौंडांना. एवढी रक्कम एका गटाकडे नव्हती. अॅडलेडच्या दुकानदारांचा एक गट होता, त्यांना लोक ‘स्नॉब्ज’ म्हणत. भांडवलदारांचा दुसरा, ते ‘नॉब्ज’. दोघांचं पटत नव्हतं, तरी पैसे एकत्र टाकून जमीन घेतली आणि मधून आडवी कापून चिठ्ठ्या टाकल्या. उत्तरेचा भाग दुकानदारांना गेला आणि सगळं तांबं तिथेच निघालं. नॉब्जची खाण काही वर्षांत गुंडाळली गेली. दुकानदारांच्या कंपनीचा सेक्रेटरी होता हेन्री एअर्स. ऑस्ट्रेलियाच्या मध्यातल्या उलुरू या प्रचंड खडकाला पुढे ‘एअर्स रॉक’ म्हणून ज्याचं नाव चिकटवलं गेलं तो हाच.

खाणीलगतची कूरिंगा ही वस्ती कंपनीच्या जमिनीवर होती. खाणकऱ्याला तिथे भाडं भरून राहता येई, मालक होता येत नसे. शिवाय त्याला ठरलेला पगार नव्हता. कॉर्नवॉलची पद्धत जशीच्या तशी इथे आणली होती. ‘टटवर्क’ करणाऱ्याला खोदलेल्या फॅदममागे, म्हणजे सहा फुटांमागे, दर मिळे. ‘ट्रिब्यूट’वाल्याची टोळी खाणीतला एक भाग बोली लावून घेई आणि काढलेल्या धातुकाच्या किमतीतला ठरलेला हिस्सा पदरात पाडून घेई. मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार यांचे पैसे त्यातून वजा. शीर चांगली लागली तर चंगळ, खडक कोरा निघाला तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत मातीत. त्यातही धातुकात तांबं किती हे ठरवायचं कंपनीच्या परीक्षकानं. तो प्रमाण कमी दाखवतो या संशयावरून १८४८ मध्ये इथे संप झाला. मिळकतीचा असा भरवसा असताना दर आठवड्याला हमखास द्यावी लागणारी एकच गोष्ट टाळता येण्यासारखी होती, ती म्हणजे भाडं. ओढ्याचा काठ त्या हिशेबात बसतो.

मग कंपनीनं १८४९ ते १८५२ दरम्यान पॅक्स्टन स्क्वेअर बांधला. ओढ्याशेजारी तीन बाजूंनी दगडी चाळी, एकूण ३३ घरं, दोन, तीन आणि चार खोल्यांची. हेतू उघड होता: माणसं बिळातून बाहेर काढायची. बांधकाम चालू असतानाच १८५१ मध्ये ओढ्याला पूर आले आणि काठातली घरं वाहून गेली. आता तरी लोक चाळीत येणार, तर त्याच वर्षी व्हिक्टोरियात सोनं सापडलं. खाणकरी तिकडे पळाले. इंजिनं चालवायला माणसं उरेनात, पंप थांबले, खालचे मजले पाण्याखाली गेले. कंपनीनं घरं बांधून पूर्ण केली ती अशा मुहूर्तावर.

या चाळीतलं ‘मॅलोवेन लोवार्थ’ हे घर आता संग्रहालय आहे. फर्निचरपेक्षा मी भिंतींचा खालचा हात-दीड हात बघत होतो, कारण दक्षिण ऑस्ट्रेलियातली जुनी घरं तिथेच हरतात. त्या काळच्या जोत्यात ओल अडवणारा थर घालत नसत. जमिनीतलं खारं पाणी दगडातून आणि चुन्यातून वर चढतं, पाणी उडून जातं, क्षार तिथेच फुगतो आणि दगडाची पूड पाडतो. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, फक्त इथली जमीन जास्त खारट. यावर लोक हौसेनं सिमेंटचा गिलावा करतात. मग ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि लोणा गिलाव्याच्या वर, छातीएवढ्या उंचीवर जाऊन फुटतो. खरा इलाज कटकटीचा आहे. खालचे खराब थर सुमारे मीटरभराच्या तुकड्यांत काढायचे, एक तुकडा सोडून एक, ओल अडवणारा थर घालून पुन्हा बांधायचे. सलग काढले तर भिंत खाली बसते. वरून चुन्याचा मऊ गिलावा द्यायचा. तो क्षार पिऊन स्वतः झडतो, काही वर्षांनी खरवडून पुन्हा करायचा. गवंडी सिमेंटचा आग्रह धरील, ऐकू नये.

बाकीच्या घरांत आज पर्यटक उतरतात. दारं बुटकी, खोल्या लहान. एवढ्याशा दोन खोल्यांत अख्खं कुटुंब आणि वर एखादा पोटभाडेकरू कसा मावत असेल, हे तिथे बॅग उघडायला जागा शोधताना कळतं. सोयीच्या दृष्टीनं ठीकठाक, थंडीत बोचरं.

खाणीकडे धावती भेट पुरते. मॉर्फेटचं पंपघर बघा; ८० इंची सिलिंडरच्या इंजिनाची ही इमारत १९२५ मध्ये जळाली, १९८६ मध्ये पुन्हा उभी केली. शेजारचा हिरव्या पाण्याचा खड्डा जुना नाही, तो १९७० च्या दशकातल्या उघड्या खाणीचा. मूळ खाण १८७७ मध्येच बंद पडली होती. कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलचे, लोक मग मूंटासारख्या दुसऱ्या खाणींकडे पांगले; त्यांचेच गाववाले पुढे आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही उतरले.

वेळ थोडा असेल तर तुरुंग आणि तळघरं सोडा. आधी ब्लाइथ स्ट्रीटच्या बिळात शिरा, मग पॅक्स्टन स्क्वेअरला जा. उलट क्रमानं गेलात तर ती चाळ नुसतीच गोंडस वाटते, आणि तिच्यासाठी कंपनीला एवढा खटाटोप का करावा लागला ते लक्षातच येत नाही.