दिव्यांचा रकाना

जुलै २०२४ च्या अखेरीस प्राचार्यांनी मला बोलावून घेतले आणि टेबलावर दोन हिशेब शेजारी शेजारी ठेवले. एक नुकत्याच संपलेल्या दिल्ली दौऱ्याचा होता आणि दुसरा २०१७ सालचा, म्हणजे रोबोकॉन या विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेची राष्ट्रीय फेरी पुण्यात बालेवाडीला होत असे त्या काळातला. "स्पर्धा तीच, मुले जवळजवळ तेवढीच, मग खर्च एवढा कसा वाढला? दोन्ही ठिकाणांची तुलना करून मला एक टिपण द्या," असे ते म्हणाले. प्रवास, निवास, जेवण, वाहतूक असे रकाने आखलेला कोरा नमुनाही त्यांनी सोबत दिला. त्या नमुन्यात नसलेला जो रकाना मी नंतर हाताने आखला, त्याची ही हकिगत आहे.

सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि गेली अकरा वर्षे आमच्या रोबोकॉन संघाची मार्गदर्शक आहे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली आणि आपल्याकडची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन घेते. यजमान देशाने आपल्या मातीतला खेळ द्यायचा, ही या स्पर्धेतील मला सर्वांत आवडणारी प्रथा आहे. २००८ साली आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली तेव्हा दहीहंडीवर बेतलेला 'गोविंदा' हा विषय होता. २०२२ साली यजमानपद पुन्हा भारताकडे आले तेव्हा लगोरी होती. २०२४ चा यजमान व्हिएतनाम असल्यामुळे आमच्या मुलांच्या वाट्याला भातशेती आली होती. रोपे लावायची, चेंडूंच्या रूपातील भात काढायचे आणि ते कोठारांत भरायचे, आणि हे सगळे तीन मिनिटांत.

बालेवाडीचे मोठे सुख म्हणजे रस्ता. पहाटे चारला निघालेला आमचा टेम्पो पेठनाका, सातारा, खंबाटकी करत कात्रजच्या नव्या बोगद्यातून चांदणी चौकाकडे वळायचा आणि पुणे शहरात पाऊलही न टाकता थेट क्रीडानगरीशी जाऊन उभा राहायचा. रोबो सुटा करावा लागत नसे. खाली गाद्या, वर दोर आणि मागे त्याला धरून बसलेली दोन मुले, एवढीच बांधाबांध. मोटर चालवणारे सर्किट, म्हणजे एखादा मोटर ड्रायव्हर, जळलाच, तर कोणीतरी दुचाकीवरून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन दोन तासांत नवा घेऊन येई. शिवाय पुण्यात प्रत्येक मुलाची कोणीतरी आत्या किंवा मावशी असतेच. त्यामुळे निवासाचा रकाना बहुधा कोरा राहायचा आणि जेवणाचा अर्धा. प्राचार्यांच्या हातातील जुन्या हिशेबाचे रहस्य मुख्यतः या आत्या-मावश्यांमध्ये होते, हे मी त्यांना तोंडी सांगितले. टिपणात लिहिले नाही.

दिल्लीचे गणित बॅटरीपासूनच बिघडते. आमच्या रोबोंना २२.२ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासाच्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या लागतात. गुणाकार केला की एकेका बॅटरीचे १११ वॅट-तास होतात. विमानाच्या केबिनमध्ये १०० वॅट-तासांपर्यंत विनापरवाना नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि तीही मोजक्याच नगांना मिळते. आमच्याकडे आठ होत्या. त्यामुळे विमान बाद झाले आणि आम्ही मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने निघालो. दोन्ही रोबो सुटे करून त्यांची सहा लाकडी खोकी केली होती. वर्कशॉपच्या वेल्डरमामांनी प्रत्येक खोक्यावर खडूने क्रमांक घातला होता आणि चौथ्या खोक्यावर 'हे आधी उघडा' असे लिहिले होते, कारण बाकीची उघडायची पकड त्यातच होती. दोन रात्री गाडीत काढून आम्ही हजरत निजामुद्दीनला उतरलो आणि तो सगळा दिवस रोबो पुन्हा उभे करण्यात गेला. म्हणजे तुलनेत दिल्लीच्या खात्यावर आणखी एक दिवस चढला. बालेवाडीला तो दिवस सरावाचा असायचा.

आमची स्पर्धा जिथे होती ते त्यागराज स्टेडियम हे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीच्या आयएनए भागात बांधलेले बंदिस्त क्रीडागृह आहे. तेव्हा तिथे नेटबॉल झाला होता. आत शिरल्यावर मुले मान वर करून पाहतच राहिली. प्रेक्षागार, छताची उंची आणि प्रक्षेपणासाठी सज्ज असलेला लख्ख पांढरा उजेड हे सगळे पाहून माझ्याही तोंडून "काय सुरेख जागा आहे!" असेच निघाले. उजेड किती आहे हे मी पाहिले. तो कसला आहे हे पाहायला हवे होते, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षिकेला ते सुचू नये याची मला आजही लाज वाटते.

शनिवारच्या पहिल्या सामन्यात आम्ही लाल बाजूला होतो. या खेळात दोन रोबो असतात आणि दोघांचे मिळून वजन ५० किलोच्या आत बसवावे लागते. त्यांतला दुसरा पूर्णपणे स्वयंचलित असतो. त्याने कॅमेऱ्याने रंग ओळखून आपल्या बाजूचे चेंडू उचलायचे आणि कोठारांत टाकायचे, तर जांभळे चेंडू म्हणजे पोचट दाणे समजून वगळायचे. पहिल्या सामन्यात त्याने लाल चेंडू व्यवस्थित वेचले आणि आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या सामन्यात निळी बाजू आली. रोबो सरळ गेला, जांभळ्या चेंडूसमोर थांबला आणि त्याने तो मोठ्या आत्मविश्वासाने उचलला. मुलांनी रिट्राय, म्हणजे नव्याने सुरुवात करण्याची संधी, मागितला. पुन्हा जांभळा. तिसऱ्यांदा निळा आला, पण तोवर कोठारे प्रतिस्पर्ध्यांच्या चेंडूंनी भरत आली होती.

कॅमेऱ्याचे काम पाहणारी तिसऱ्या वर्षाची मुलगी सामन्यानंतर पिटमध्ये, म्हणजे संघांच्या तयारीच्या जागेत, लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. ती रडत नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले होते. "मॅडम, कॉलेजमध्ये एकदाही चुकला नव्हता," एवढेच ती म्हणाली. तिने साठवलेली चित्रे उघडली तेव्हा कारण समोरच होते. आमचा सराव वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पिवळसर दिव्यांखाली झाला होता. रंग ओळखणाऱ्या आमच्या प्रणालीत रंगछटा ० ते १७९ अशा आकड्यांत मोजतात आणि आम्ही निळ्यासाठी १०० ते १३० हा पट्टा ठरवला होता. शेडमधल्या पिवळ्या उजेडात जांभळ्यातला तांबडा अंश उठून दिसे आणि तो चेंडू १४० च्या पुढे राही. इथल्या थंड पांढऱ्या उजेडात तो तांबडा अंश दबला आणि चेंडू १२७-१२८ वर येऊन बसला, म्हणजे आमच्याच व्याख्येप्रमाणे निळा झाला. त्यातच कॅमेरा स्वतःहून रंगसमतोल बदलत होता, त्यामुळे तोच चेंडू दर रिट्रायला थोडा वेगळा दिसे. लाल या भांडणापासून दूर असल्यामुळे पहिल्या सामन्यात काहीच कळले नाही.

सोपा उपाय म्हणजे पट्ट्याची वरची मर्यादा १२० वर आणणे. तिने तो करून पाहिला, तर मैदानाच्या एका कडेला, उजेड थोडा कमी होता तिथे, खरे निळे चेंडूही हातचे सुटू लागले. आणि सामन्यापूर्वी मांडणीसाठी मिळते एक मिनिट. त्यात आकडे जुळवत बसणे शक्य नव्हते.

तेव्हा मला बालेवाडीची आठवण झाली. २००८ साली मी स्वतः विद्यार्थिनी होते आणि आमचे यंत्र जमिनीवरच्या पांढऱ्या रेषेवरून चालत असे. रेषा ओळखणारे सेन्सर उजेडाला इतके हळवे होते, की सकाळी नीट चालणारे यंत्र दुपारी खिडकीतून तिरीप आली की भरकटत असे. आमच्या एका सीनियरने सेन्सरभोवती काळ्या कापडाची झालर लावली आणि आत स्वतःचा छोटा दिवा बसवला. बाहेर ऊन असो की अंधार, झालरीच्या आत कायम सारखाच उजेड. कॅमेरा आला, प्रोसेसर आले, तरी प्रश्न त्याच जागी उभा होता. मधल्या काळात आम्ही झालर तेवढी विसरलो होतो.

काळे कापड आणायचे कुठून? जुलै असल्यामुळे माझ्या पिशवीत छत्री होती. मी ती दिली. यंत्रशास्त्र शाखेच्या मुलाने काड्या वेगळ्या करून कापडाची आठ त्रिकोणी पाने कापली आणि त्यांतली तीन रोबोच्या चेंडू उचलणाऱ्या पकडीच्या भोवती टोपीसारखी शिवली. सुईदोरा वसतिगृहातल्या कोणाच्या तरी शर्टाच्या बटणासाठी आणलेला होता. दिव्याच्या पट्टीसाठी दोघे बाहेर पळाले. दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचा माल घ्यायचा तर लाल किल्ल्यासमोरचे लाजपत राय मार्केट गाठावे लागते, पण ते रविवारी बंद असते आणि शनिवारची संध्याकाळ हातातून चालली होती. सुदैवाने स्टेडियमपासून जवळच कोटला मुबारकपूर आहे, जिथे हार्डवेअर आणि घरसजावटीची दुकाने ओळीने लागतात. तिथे छताच्या सजावटीसाठी विकली जाणारी १२ व्होल्टची पट्टी एक मीटर मिळाली. तिच्यावर ट्रेसिंग पेपरचे दोन थर चिकटवून उजेड मऊ केला, रंगसमतोल आणि एक्स्पोजर हाताने पक्के केले आणि रात्री अकराला पुन्हा चेंडू धरून पाहिले. जांभळा १४६, निळा ११२. खोलीतला दिवा लावला, घालवला, मोबाइलचा उजेड मारला, आकडे जागचे हलेनात.

सकाळी वजनकाट्याची धाकधूक होती, कारण आदल्या तपासणीत आमच्याकडे जेमतेम दोनशे ग्रॅमची सवलत उरली होती. काटा ४९.८६ वर स्थिरावला. रविवारचा सामना पुन्हा निळ्या बाजूने होता. रोबो जांभळ्या चेंडूवर वाकला, क्षणभर टोपी त्याच्यावर टेकवून थांबला, आणि मागे सरकून शेजारच्या निळ्याकडे वळला. आमच्या बाकावरून जो आवाज उठला, तो ऐकून शेजारच्या संघाने आम्ही जिंकलोच असे समजून अभिनंदन केले. प्रत्यक्षात तो सामना आम्ही थोडक्यात हरलो. पहिल्या रोबोने रोपे लावायला वेळ घेतला होता, आणि त्याला दिल्ली किंवा पुणे कोणीच जबाबदार नव्हते.

परत आल्यावर टिपण लिहायला बसले तेव्हा दिलेले रकाने तासाभरात भरले. अंतर, भाडे, खोल्या, एक जादा दिवस या सगळ्यांत बालेवाडी सरस होती आणि ते कोणालाही दिसण्यासारखे होते. मग मी कडेला पट्टीने तीन रकाने आखले: दिवे, पिटपासून मैदानापर्यंतचे अंतर आणि रात्री आठनंतर उघडे राहणारे जवळचे दुकान. पहिल्या रकान्यात दोन्ही ठिकाणांसमोर मी एकच वाक्य लिहिले, की इथला उजेड आपल्या शेडसारखा नाही. बालेवाडीलाही तो तसा नव्हताच. फक्त तिथे आपण एक दिवस आधी पोहोचून तो पाहून घेत होतो.

प्राचार्यांनी टिपण दोनदा वाचले. राष्ट्रीय फेरी कुठे भरवावी हे आपल्या हातात नाही, एवढे त्यांनी बोलून दाखवले आणि पुढच्या अंदाजपत्रकात जिल्हा क्रीडा संकुलातील बॅडमिंटन हॉल आठ संध्याकाळी भाड्याने घेण्यास मंजुरी दिली. खर्चाचा तपशील लेखा विभागात गेला. तिथून तो एका शेऱ्यासह परत आला: 'छत्री, नग १' या नोंदीचे पक्के बिल जोडावे.