कुंभार्ली घाटात मायनसला गेलेला काटा

कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि शेवटी गुहागर. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला हा रस्ता फार मानवतो. पाऊस सरला होता, तरी घाटमाथ्यावर दाट धुकं होतं. हेडलाइट लावला आणि अँपिअरचा काटा मायनसकडे गेला, म्हणजे बॅटरी भरण्याऐवजी रिकामी व्हायला लागली. रेस देऊनही काटा परतेना.

आमची ३५० सीसीची बुलेट पॉइंटवाली आहे, म्हणजे स्पार्कची वेळ इलेक्ट्रॉनिक नव्हे तर उघडझाप करणाऱ्या यांत्रिक संपर्कावर ठरते. स्पार्क आणि हेडलाइट दोन्ही बॅटरीवर. चार्जिंग थांबलं की आधी दिवा पिवळा पडतो, मग इंजिन मिसफायर करायला लागतं. असं झालं तर धुक्यातून बाहेर पडताच हेडलाइट बंद करा, हॉर्न जपून वाजवा. बॅटरी भरलेली असेल तर दिवसाउजेडी चिपळूण निवांत गाठता येतं. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघायची जुनी पद्धत मात्र कृपा करून वापरू नका. त्यात रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) आणि बल्ब दोन्ही जाऊ शकतात.

चिपळूणला एका दुकानात पहिला सल्ला मिळाला तो नवी बॅटरी घालायचा. मी आधी मल्टिमीटर लावला. बंद गाडीवर १२.३ व्होल्ट. हेडलाइट लावून मध्यम रेसवर १३.८ ते १४.५ दिसायला हवे होते, पण आकडा १२.४ वर अडकला. फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल, अर्थची वायर, सगळं ठीक. मग रेग्युलेटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडून स्टेटरच्या, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या, दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजलं. रेसबरोबर तेही व्यवस्थित चढत होतं.

बरेच जण इथेच स्टेटरला पास करतात आणि नवा रेग्युलेटर विकत आणतात. अजून एक मोजणी बाकी असते. इंजिन बंद करून, कपलर सुटाच ठेवून, मीटरचं एक टोक स्टेटरच्या वायरीला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावायचं. या प्रकारच्या स्टेटरमध्ये तिथे काहीच जोड दिसायला नको. आमचा मीटर वाजला, म्हणजे जोड होता. एकच वायर बॉडीला लागली असेल, तर कपलर सोडल्यावर दोन वायरींमधलं व्होल्टेज बरोबरच येतं. पण कपलर जोडला की अर्धी लहर रेक्टिफायरच्या (रेग्युलेटरमधला, एसीचा डीसी करणारा भाग) डायोडमधून शॉर्ट होते. चार्जिंग निम्म्यावर येतं आणि डायोड तापतात. बिनदिव्याचं भागतं, दिवा लावला की काटा मायनसला.

वायरी प्रायमरी केसमधून (इंजिनच्या बाजूचं तेल असलेलं झाकण, ज्यात स्टेटर असतो) बाहेर येतात तिथलं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकातली रबरी कडी, वयाने कडक होऊन फुटलं होतं आणि एका वायरीचं तांबं केसच्या कडेला टेकत होतं. तेल पुसून वायरीवर काचधाग्याची स्लीव्ह (नळीसारखं आवरण) चढवली, नवं ग्रोमेट बसवलं. नुसती चिकटपट्टी तेलात टिकत नाही. नंतर त्याच रेसवर दिव्यासकट १४.१ आले, आणि गुहागरचा रस्ता मजेत कापला.

या वाटेने जुनी गाडी नेणार असाल तर निघण्याआधी घरीच ही बॉडीची मोजणी करा. सोबत छोटा मल्टिमीटर, जादा फ्यूज, हातभर स्लीव्ह, दोन ग्रोमेट आणि केबल टाय ठेवा. घाट उजेडातच उतरा.