चेंडू एकीच्याच हाती असताना : दुसऱ्या गार्डच्या निवडीचा माझा अनुभव

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला मी काही वर्षांपासून प्रशिक्षण देतो. आमची कर्णधार ही अतिशय गुणी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून चाली रचणारी खेळाडू, आहे. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल तिच्या ड्रिबलपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिच्याच शॉटने किंवा पासने संपते. तिच्या शेजारी खेळणारी अनुभवी गार्ड पदवी पूर्ण करून बाहेर पडली, तेव्हा त्या रिकाम्या जागेवर कोणाला खेळवायचे हे ठरवण्यात गेल्या हंगामाचा पूर्वार्ध गेला. महाविद्यालयीन पातळीवर या प्रश्नाचा विचार फारसा होत नाही. उरलेल्यांमधली सर्वांत चांगली खेळाडू निवडावी आणि पुढे जावे, अशी साधारण पद्धत असते. मला ती पटत नव्हती, कारण चेंडू आपल्याकडे ठेवणाऱ्या खेळाडूची जोडीदार सामन्याचा बहुतांश वेळ चेंडूविनाच खेळणार असते आणि चेंडूसह खेळताना दिसणारी गुणवत्ता त्या वेळात उपयोगी पडेलच याची खात्री नसते.

सुरुवातीला मी जुन्या उदाहरणांकडे वळलो. या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधल्या फिलाडेल्फिया संघाने दिले होते. ॲलन आयव्हरसन हा जेमतेम सहा फुटांचा खेळाडू. त्याला प्रशिक्षक लॅरी ब्राऊन यांनी पॉइंट गार्डच्या जागेवरून हलवून शूटिंग गार्ड, म्हणजे मुख्यतः गुण करणारा गार्ड, केले आणि शेजारी एरिक स्नोला उभे केले. स्नो उंचीने अधिक, अंगाने भक्कम आणि बचावात चिवट होता. प्रतिस्पर्ध्याच्या मोठ्या गार्डला तो रोखत असे, चेंडू पुढे आणून देत असे आणि गुण करण्याचे काम आयव्हरसनवर सोपवत असे. २०००-०१ च्या हंगामात त्या संघाने ५६ सामने जिंकले, आयव्हरसन सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. आमच्याकडेही तशीच एक खेळाडू होती. पायांनी वेगवान, बचावात कधीही न थकणारी, मोकळ्या चेंडूसाठी सिमेंटच्या कोर्टवरही अंग झोकून देणारी. पण दुरून शॉट नसलेली. स्वाभाविकपणे पहिला विचार तिचाच झाला.

मात्र त्या उदाहरणाला नियमांची एक बाजू आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. २०००-०१ हा एनबीएमध्ये झोन बचावावर (ठरावीक खेळाडूऐवजी कोर्टचा ठरावीक भाग राखण्यावर) बंदी असलेला शेवटचा हंगाम होता. स्नोवर नेमलेल्या बचावपटूला त्याला मोकळे सोडून बास्केटखाली तळ ठोकून राहण्याची मुभा नव्हती. पुढच्याच हंगामात झोनला परवानगी मिळाली, तेव्हाही बचावपटूला कोणाला न रोखता बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभे राहता येणार नाही, हे बंधन सोबत आले. आपल्याकडे सामने फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी होतात आणि त्या नियमांत बचावासाठी असे बंधन नाही. जिला दुरून शॉट नाही, तिची बचावपटू तिला सोडून थेट बास्केटसमोर उभी राहू शकते आणि हवा तेवढा वेळ तेथेच राहू शकते. सरावात हे लगेच दिसू लागले. कर्णधार आपल्या बचावपटूला मागे टाकून आत शिरली की समोर दुसरी एक मुलगी आधीच उभी असे, आणि ती नेमकी जोडीदारावर नेमलेली मुलगी असे.

त्या सरावांतूनच आमच्या निवडीची खरी पद्धत ठरली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मोबाइलवर चित्रण करून मी संध्याकाळी ते पाहत असे, आणि पाहताना उमेदवार खेळाडूकडे न पाहता तिच्यावर नेमलेल्या बचावपटूकडेच पाहायचे, असे मी ठरवले. कर्णधाराने ड्रिबल सुरू केल्यावर ती बचावपटू कुठे उभी आहे, तिचे लक्ष कुठे आहे, कर्णधार आत वळली तर ती किती पावले मदतीला सरकते आणि चेंडू बाहेर आल्यावर परत येण्याची तिला घाई होते की नाही, एवढीच निरीक्षणे मी वहीत लिहीत गेलो. जोडीदाराने स्वतः किती गुण केले, याला या टप्प्यावर मी जवळजवळ महत्त्वच दिले नाही. प्रतिस्पर्ध्याला जिची धास्ती वाटते, ती कोपऱ्यात नुसती उभी असली तरी आक्रमणाला जागा मिळते. जिची वाटत नाही, ती कितीही धावली तरी कर्णधाराच्या वाटेत एक बचावपटू वाढते.

या दृष्टीने ह्यूस्टनचे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. जेम्स हार्डनच्या जोडीला २०१७ मध्ये क्रिस पॉल आला, तेव्हा चेंडूवर हुकमत ठेवणारे दोघे एकत्र कसे नांदतील, अशी शंका अनेकांनी घेतली होती. प्रशिक्षक माइक डँटोनी यांनी दोघांची विश्रांती आलटून पालटून ठेवली. त्यामुळे दोघांपैकी एक जण बहुतेक वेळ कोर्टवर असेच, आणि दोघे एकत्र असताना पॉलचा शॉट बचावपटूला त्याच्यापासून दूर जाऊ देत नसे. त्या हंगामात संघाने ६५ सामने जिंकले. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत ३-२ अशी आघाडी असताना पॉल जायबंदी होऊन बाहेर बसला आणि गोल्डन स्टेटने पुढचे दोन्ही सामने घेतले. २०१९ मध्ये पॉलच्या जागी रसेल वेस्टब्रुक आला. ताकद आणि वेग या बाबतीत त्याला तोड नव्हती, पण २०१९-२० च्या हंगामात तीन गुणांच्या शॉटमधील त्याची अचूकता २५.८ टक्के होती. त्याला आत शिरायला जागा मिळावी म्हणून संघाने फेब्रुवारी २०२० मध्ये आपला सेंटर क्लिंट कपेला सोडून दिला आणि उंच खेळाडूविना खेळणे पसंत केले. एका गार्डचा शॉट नसेल तर त्याची किंमत संघाची सगळी रचना कशी मोजते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. लेकर्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये वेस्टब्रुकचे बचावपटू त्याला दूर मोकळे सोडून हार्डनच्या वाटेत उभे राहत होते.

आमची दुसरी उमेदवार पॉलच्या जातकुळीतली होती. तिच्या आधीच्या महाविद्यालयात तीच पॉइंट गार्ड होती. ड्रिबल उत्तम, पासची नजर उत्तम, शॉटही बरा. कर्णधार बाकावर असताना तिच्या हाती संघ निर्धास्तपणे देता येत असे. दोघी एकत्र असताना मात्र ती चेंडूची वाट पाहत जागच्या जागी उभी राही. चेंडू तिच्याकडे आला की आधी दोन ड्रिबल, मग विचार, मग निर्णय; तोवर कर्णधाराने मोडलेला बचाव पुन्हा सावरलेला असे. चित्रणात तिची बचावपटू मदतीला निश्चिंतपणे जात होती, कारण परत यायला भरपूर वेळ मिळेल हे तिला ठाऊक होते. मला येथे एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते : चेंडू हाती ठेवणाऱ्या खेळाडूच्या जोडीदाराला शॉट असणे पुरेसे नसते, पास मिळाल्याक्षणी शॉट, पुढचा पास किंवा रिकाम्या जागेत मुसंडी यांपैकी एक निवडण्याची सवय अंगी मुरलेली असावी लागते.

ती सवय कशी दिसते, हे मला डॅलसच्या सामन्यांतून सर्वाधिक शिकायला मिळाले. लुका डॉन्चिच आणि जेलन ब्रन्सन एकाच वर्षी, २०१८ मध्ये, डॅलसमध्ये आले. डॉन्चिचची निवड तिसऱ्या क्रमांकावर झाली होती, तर ब्रन्सनची दुसऱ्या फेरीत, ३३ व्या क्रमांकावर. ब्रन्सन फार उंच नाही आणि उडीही फार नाही. पण त्याचे पाय नेहमी तयार असतात. चेंडू हातात येण्यापूर्वीच पुढे काय करायचे हे त्याने ठरवलेले दिसते. २०२२ च्या प्लेऑफमध्ये डॉन्चिच पोटरीच्या दुखापतीमुळे यूटाविरुद्धचे पहिले तीन सामने खेळला नाही. दुसऱ्या सामन्यात ब्रन्सनने ४१ गुण केले, तिसऱ्यात ३१, आणि डॅलसने हे दोन्ही सामने जिंकले. डॉन्चिच परतल्यावर हाच ब्रन्सन पुन्हा दुसऱ्या भूमिकेत सहज शिरला आणि संघाने नंतर फिनिक्सलाही सातव्या सामन्यात १२३-९० असे हरवले. मुख्य खेळाडूच्या गैरहजेरीत सगळा भार उचलणारा आणि तो परतताच चेंडू सोडून कोपऱ्यात उभे राहण्यात कमीपणा न मानणारा जोडीदार मिळणे दुर्मीळ असते. त्याच उन्हाळ्यात ब्रन्सन न्यूयॉर्कला गेला आणि पुढच्या हंगामात डॅलसचा संघ ३८ विजय व ४४ पराभवांसह प्लेऑफच्या बाहेर राहिला.

आमची तिसरी उमेदवार दुसऱ्या वर्षात शिकणारी मुलगी होती आणि तोपर्यंत ती गार्ड म्हणून खेळलेलीही नव्हती. ती विंगवर, म्हणजे कोर्टच्या कडेला, खेळत असे. ड्रिबल साधारण, पण चेंडू येण्याआधी गुडघे वाकलेले, हात तयार, आणि एकदा पास दिला की लगेच दुसऱ्या जागी धाव. तिला गार्डच्या जागी आणल्यावर चित्रणातला फरक पाहून मला खरोखर आनंद झाला. तिची बचावपटू कर्णधाराकडे एक पाऊल टाके आणि मागे वळून पाही. एवढ्याच घुटमळण्याने कर्णधाराला आत शिरण्याची वाट मिळत होती. शिवाय ती कर्णधारासाठी स्क्रीन लावू लागली, म्हणजे कर्णधाराच्या बचावपटूची वाट स्वतः उभी राहून अडवू लागली. साधारणपणे स्क्रीन उंच खेळाडू लावते. पण एका गार्डने दुसरीसाठी लावली, तर बचावाला मुली अदलाबदल करणे भाग पडते आणि त्यांची कमकुवत गार्ड आमच्या कर्णधारासमोर येते. २०२२ मध्ये फिनिक्सविरुद्ध डॉन्चिच अशाच अदलाबदलीतून क्रिस पॉलला आपल्यासमोर आणत होता. ही चाल आमच्या मुलींनी फार लवकर आत्मसात केली.

तिच्या ड्रिबलची उणीव खरी होती आणि तिच्यावर आम्ही पुष्कळ वेळ दिला. फिबाच्या नियमानुसार आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो, आणि प्रतिस्पर्धी पूर्ण कोर्टवर प्रेस लावतात, म्हणजे आमच्याच अर्ध्या भागापासून अडवायला येतात, तेव्हा कर्णधारावर दोघी धावून जातात. अशा वेळी जोडीदाराने ड्रिबलने सुटका करावी, हा हट्ट आम्ही धरला नाही. तिने मध्यावर येऊन पास घ्यावा, वळावे आणि पुढे धावणाऱ्या मुलीला द्यावा, एवढेच तिला घोटून शिकवले. याखेरीज सरावात काही वेळ कर्णधाराला मुद्दाम बाकावर बसवून संघ या मुलीच्या हाती देण्याचा नेम ठेवला. त्या वेळात पास चुकत, आक्रमण अडखळे, आणि बाकावरून कर्णधार अस्वस्थ होऊन पाहत असे.

कर्णधाराशी बोलणे हा या प्रक्रियेतला सर्वांत नाजूक भाग होता. निवड जोडीदाराची असली, तरी बदल तिलाही करावा लागणार होता. एका संध्याकाळी सरावानंतर तिने विचारले, "सर, चेंडू माझ्याकडे नसेल तर मी नेमकं काय करायचं?" प्रश्न अतिशय प्रामाणिक होता, शाळेपासून तिला कोणीही चेंडूविना खेळायला सांगितलेच नव्हते. मी तिला कायरी अर्विंगचे सामने दाखवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो डॅलसला आला, तेव्हा तो स्वतःच मोठा तारा होता. तरीही डॉन्चिचच्या शेजारी तो चेंडूविना सतत हलत राहिला, आणि २०२३-२४ मध्ये तीन गुणांच्या शॉटमध्ये त्याची अचूकता ४१ टक्क्यांवर होती. दोन दिवसांनी ती म्हणाली, "सर, पहिला पास मी देते, पण परत मिळाला पाहिजे." आम्ही तसेच ठरवले. प्रत्येक आक्रमणात पहिला पास तिचा. मग तिने कट करायचा, म्हणजे चेंडूविना बास्केटकडे धावायचे. बचाव तिच्यामागे वळला की चेंडू पुन्हा तिच्याकडे. तिचे शॉट यामुळे कमी झाले नाहीत, ते अधिक मोकळे मिळू लागले.

बचावाचा विचारही केला पाहिजे. २०२४ च्या अंतिम फेरीत बॉस्टनने डॉन्चिचला बचावात वारंवार लक्ष्य केले. तिसऱ्या सामन्यात त्याचे सहा फाऊल पूर्ण होऊन तो अखेरच्या मिनिटांत बाहेर गेला आणि त्याच सामन्यात अर्विंगने केलेले ३५ गुण वाया गेले. त्या हंगामात प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक गार्डला रोखण्याचे काम डॅलसने डेरिक जोन्स ज्युनियर या उंच फॉरवर्डकडे दिले होते. मला ही तोड योग्य वाटते. शॉट, झटपट निर्णय आणि कठोर बचाव हे सगळे गुण एकाच जोडीदारात शोधत बसलो, तर महाविद्यालयीन संघात ती व्यक्ती सापडणार नाही. आमची पहिली उमेदवार, ती वेगवान बचावपटू, म्हणूनच या दोन गार्डसोबतच्या तिसऱ्या जागेवर खेळू लागली. प्रतिस्पर्ध्याची मुख्य गार्ड तिच्याकडे असते, आणि आक्रमणात ती बास्केटच्या पाठीमागील रेषेलगत राहून आत कट करते, म्हणजे तिच्या शॉटची उणीव फारशी जाणवत नाही. दुसरी उमेदवार बाकावरून येते आणि कर्णधाराच्या विश्रांतीच्या काळात संघ चालवते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका संघाने आमच्याविरुद्ध बॉक्स अँड वन लावला : चौघी झोनमध्ये आणि एक मुलगी फक्त कर्णधाराच्या मागे. कर्णधार आपल्या बचावपटूला घेऊन मध्यरेषेजवळ जाऊन उभी राहिली आणि उरलेल्या कोर्टवर चौघींविरुद्ध चौघी असा खेळ झाला. जोडीदाराने झोनच्या मोकळ्या जागेत, फाऊल रेषेजवळ, चेंडू घेऊन दोन्ही कोपऱ्यांना पास दिले, आणि कोपऱ्यातून शॉट पडू लागल्यावर तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्या संघाला तो बचाव सोडून द्यावा लागला. कर्णधार तेव्हा चेंडू मागायला आलीच नाही. ती मध्यरेषेजवळूनच हाताने जागा दाखवत होती.

सध्या आम्ही जोडीदाराच्या डाव्या हाताच्या ड्रिबलवर काम करत आहोत. पुढच्या वर्षी कर्णधार पदवी घेऊन बाहेर पडेल आणि चेंडू बहुधा या मुलीच्याच हाती येईल. त्यामुळे तिच्या शेजारी कोण खेळेल, यासाठी पहिल्या वर्षाच्या मुलींचे चित्रण मी आतापासूनच पाहू लागलो आहे.