माकडांचा स्लॉट

केम्ब्रिजला (बॉस्टनवालं) 16 माणसांच्या कंपनीत मी ऑपरेशन्स बघते. आमचं एकच औषध, कॅन्सरवरची अँटीबॉडी, आणि ती अजून एकाही पेशंटला दिलेली नाही.

10 मार्च 2023, शुक्रवार. सीआरओला (प्राण्यांवरच्या चाचण्या करून देणारी बाहेरची कंपनी) अ‍ॅडव्हान्स पाठवायचा होता. पेशंटच्या आधी एफडीएला (अमेरिकेचं औषधांना परवानगी देणारं खातं) टॉक्सिकॉलॉजीचा, म्हणजे औषध किती विषारी आहे याचा, डेटा लागतो, आणि आमची अँटीबॉडी उंदराच्या प्रोटीनला चिकटतच नाही, म्हणजे माकडं आली. कोविडपासून चीनने माकडं पाठवणं बंद केलेलं, 2022 च्या नोव्हेंबरात कंबोडियाचं तस्करीचं प्रकरण निघालं, मग तिकडचीही अडकली. त्यामुळे माकडांवरच्या चाचणीचा हा स्लॉट 8 महिने थांबून मिळालेला, सोमवारपर्यंत पैसे नाही पोचले तर वेटिंगवरच्या कंपनीला जाणार.

आमच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून वायर (बँकेतून थेट पैसे पाठवणं) टाकली, पेंडिंग. परत बघायला गेले तर बँकेचं पोर्टलच उघडेना. तेवढ्यात सीईओ आले, "बँक बंद केली सरकारने." आदल्या एका दिवसात लोकांनी 42 अब्ज डॉलर काढायला टाकलेले. ठेवींना इन्शुरन्स अडीच लाख डॉलरचा, त्यात आमचा महिन्याचा पगार जेमतेम निघतो, आणि आत होते 1 कोटी 10 लाख डॉलर. सगळे एकाच बँकेत का, असं नंतर बऱ्याच शहाण्यांनी विचारलं. अहो, कर्ज देतानाच बँकेची अट असते की खातं आमच्याकडेच ठेवा!

रात्री आईला फोन केला. तिने शांतपणे विचारलं, "रोज थोडे थोडे काढू देतायत का?" आमच्या गावची सहकारी बँक बुडाली तेव्हा ती पासबुक घेऊन रांगेत उभी राहायची. मला हसू पण आलं आणि रडू पण.

रविवारी संध्याकाळी सरकारने जाहीर केलं, सगळ्यांचे सगळे पैसे मिळणार. ऑफिसच्या ग्रुपवर नुसता धिंगाणा. सोमवारी सकाळी सातपासून मी लॉगिन करतेय आणि ते चक्र आपलं गोल गोल फिरतंय, शेवटी वायर निघाली मंगळवारी दुपारी. सीआरओची बाई फार गोड बोलली. स्लॉट गेलेला, पुढचा ऑक्टोबरात.

तोपर्यंत भाडं, पगार, उणे 80 चे फ्रीजर, सगळं चालूच. एक्सेलमधे तारखा 7 महिने पुढे सरकवल्या तर पहिल्या पेशंटच्या आधीच पैसे संपत होते. फाइल सेव्ह न करताच बंद केली. कॉफी आणली, परत उघडली.