ज्याची त्याची रेषा

चित्रकलेच्या शिकवणीला येणाऱ्या प्रत्येकाला एकच नमुनाचित्र उतरवायला देण्याची पद्धत मला पटत नाही. दादरच्या माझ्या वर्गात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांची तयारी करणारी मुले असतात, तसेच निवृत्तीनंतर प्रथमच कुंचला हाती धरणारे आजोबाही असतात. मुलांना स्थिरचित्र (समोर मांडलेल्या वस्तूंचे चित्र) आणि स्मरणचित्र (आठवणीतून काढायचे चित्र) यांचा ठरावीक वेळेत सराव हवा असतो, तर आजोबांना मनगट मोकळे होईपर्यंत केवळ रेषा ओढू देणे हिताचे ठरते.

म्हणून मी आधी प्रत्येकाची जुनी वही पाहतो. छटा फिक्या पडत असतील, तर नेहमीची एचबी बाजूला ठेवून तिच्याहून मऊ आणि गडद ४बी किंवा ६बी पेन्सिल देतो. प्रमाण चुकत असेल, तर वस्तूंऐवजी त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेचा आकार काढायला सांगतो, कारण ओळखीची वस्तू दिसली की हात डोळ्यांचे न ऐकता सवयीचे ऐकतो. थरांवर थर देण्याचे जलरंगाचे काम पावसाळ्यात नवख्यांना देत नाही, कारण मुंबईच्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही आणि रंग गढूळ होतात. (ओल्या कागदावर रंग पसरू देण्याचे तंत्र मात्र याच दिवसांत छान जमते.) हात बसलेल्यांना मी काळा घोडा येथील जहांगीर कलादालनात पाठवतो; एकाच चित्रासमोर थांबून त्यातील सर्वांत गडद जागा शोधावी, एवढाच त्यांचा गृहपाठ असतो.